ना फुटली, ना विरली

केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत बसलेल्या माणसाला तसे दुसरे काम नसते. समोर तेरेखोल नदी, पलीकडच्या टेकडीवर किल्ला, डाव्या हाताला नदीचे मुख आणि त्यापुढे समुद्र. इंजिन लावलेली एखादी मासेमारीची होडी समोरून भरधाव गेली, की मी पाण्यावर नजर ठेवतो. होडी दिसेनाशी होते. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग धक्क्याच्या पायरीवर पाणी सावकाश चढते आणि सावकाश उतरते. ही पहिली लाट लांबट, आळसावलेली. तिच्यामागच्या लाटा एकमेकींच्या जवळ, त्यांच्यामागच्या आणखी जवळ, आणि शेवटी नुसती चुळबुळ. होडी जवळून गेली तेव्हा पाण्यात सगळी एकच खळबळ होती. धक्क्यापर्यंत पोचेतो तिची रांग लागली: लांब लाटा पुढे, आखूड लाटा मागे.

खोल पाण्यात लांब लाट वेगाने जाते, आखूड लाट हळू. म्हणून पाण्याचा कोणताही ढीग जसजसा पुढे जातो तसतसा पसरत जातो, ठेंगणा होतो आणि विरतो. याला अपस्करण म्हणतात. शाळेत लोलकातून प्रकाशाचे सात रंग वेगळे होताना शिकवतात, तोच शब्द.

आता केरीहून हरमलला या. तिथे लाटेचे दुसरेच चालले आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. लाटेच्या माथ्याखाली पाणी जास्त, तळाशी कमी. म्हणून माथा पुढे पळतो आणि पायथा मागे राहतो. लाटेचा पुढचा भाग उभा होत जातो, भिंतीसारखा होतो, आणि माथा तोंडावर पडून फेस होतो. इथे लाट विरत नाही, फुटते.

विरणे आणि फुटणे, लाटेचे हे दोन शेवट पेडणे तालुक्यात एका दुपारी पाहून होतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या गणितज्ञांनाही हेच दोन ठाऊक होते. दोन्हींतून वाचलेली लाट एका तरुण इंजिनिअरने घोड्यावर बसून पाहिली, आणि ती खरी होती हे जगाला पटायला पुष्कळ वर्षे गेली.

त्याचे नाव जॉन स्कॉट रसेल. साल 1834, महिना ऑगस्ट, रसेलचे वय 26. स्कॉटलंडमध्ये एडिंबरापासून फॉल्कर्कपर्यंत युनियन कालवा आहे. 1822 मध्ये तो सुरू झाला. कुळागरात डोंगराच्या कडेकडेने एकाच पातळीवर पाट काढतात, तसाच हा जमिनीच्या एकाच उंचीची रेघ धरून वळणे घेत जातो. पाणी दीडेक मीटर खोल, दोन्ही काठ सरळ. त्यात घोडे होड्या ओढत. आगगाडीचे दिवस आले होते, आणि कालव्यातली वाहतूक टिकवायची तर होड्यांना वाफेचे इंजिन लावता येईल का, हे रसेलला पाहायचे होते. होडीला पाणी किती अडवते, याची मोजमापे तो घेत होता.

त्याआधी काही वर्षे ग्लासगोजवळच्या एका कालव्यात एक गंमत घडली होती. होडी ओढणारा घोडा बिथरून उधळला. होडी जोरात ओढली गेली आणि मालकाच्या लक्षात आले, की वेग वाढल्यावर तिने काठ खवळवणारे पाणी मागे टाकणेच बंद केले आहे. होडी स्वतःच्या लाटेवर चढून हलकी झाली आहे. मग तिथे घोडे मुद्दाम पळवून जलद प्रवासी होड्या चालू झाल्या. वेग वाढला की अडथळाही वाढतच जायचा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले गणित इथे कुठेतरी मोडत होते. रसेल याच कोड्यामागे होता.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी युनियन कालव्यावर हर्मिस्टनजवळ दोन घोडे एक होडी वेगाने ओढत होते. होडी एकाएकी थांबली. तिने गतीत आणलेले पाणी मात्र थांबले नाही. ते नाळेभोवती जमले, खळबळले, आणि होडीला मागे सोडून एक गोल, गुळगुळीत, नीट कडेचा उंचवटा होऊन कालव्यातून पुढे निघाले. लांबी 30 फूट, उंची फूट-दीड फूट. रसेलने घोडा मागे घातला. लाट ताशी आठ-नऊ मैलांनी चालली होती, आणि तिचा आकार आणि वेग दिसण्यासारखा बदलत नव्हता. उंची तेवढी हळूहळू उतरत होती. मैल-दोन मैल पाठलाग केल्यावर कालव्याच्या वळणांत ती त्याच्या नजरेआड झाली.

लाट म्हटली की उंचवट्यामागून खळगा, खळग्यामागून उंचवटा हे आपण धरूनच चालतो. इथे खळगा नव्हताच. पुढे सपाट पाणी, मागे सपाट पाणी, मध्ये एकच ढीग. रसेलच्या जागी दुसरा कुणी असता तर होडी का थांबली, हे पाहायला तो खाली उतरला असता. रसेलने घोड्याला टाच मारली, याचे मला फार कौतुक वाटते.

घरी येऊन त्याने मागच्या बागेत पाण्याची लांब टाकी बांधली आणि लाट पुन्हा जन्माला घातली. ही टाकी कुणालाही करता येते. छपराच्या पागोळ्यांसाठी मिळणारी चौकोनी पन्हळ घ्यावी, चार मीटर लांबीची. (पूर्वी कुळागरात पोफळीचे खोड पोखरून पन्हळ करीत, तीही चालेल, मात्र तळ सपाट हवा.) दोन्ही तोंडे बंद करून ती समपातळीत ठेवायची आणि तीत पाच सेंटीमीटर पाणी भरायचे. एका टोकाशी वीतभर जागा सोडून फळी उभी करायची आणि फळीमागे अर्धा लिटरभर पाणी जास्त ओतायचे. पाणी निवले की फळी सरळ वर उचलायची. दोनेक सेंटीमीटर उंचीचा गोल उंचवटा सुटतो आणि पाचेक सेकंदांत दुसऱ्या टोकाला पोचतो. तिथे आपटून परत येतो, पुन्हा जातो. मधोमध पाण्यात भाताचा कोंडा टाकून ठेवावा. साध्या लाटेत तो जागच्या जागी वरखाली झाला असता. ही लाट त्याला उचलते, चार बोटे पुढे नेऊन ठेवते आणि निघून जाते. कोंडा तिथेच राहतो. पाण्याला असे उचलून पुढे ठेवते म्हणून रसेल तिला ‘स्थलांतराची लाट’ म्हणत असे.

रसेलला टाकीत आणखी गोष्टी दिसल्या. फळीमागे पाणी फार झाले, तर एक मोठी लाट न निघता दोन निघतात. उंच लाट पुढे जाते, ठेंगणी मागे राहते. पाण्यात उंचवट्याऐवजी खळगा केला, तर एकटी लाट निघत नाही, नुसत्या लहरींची माळ निघते. आणि वेगाचा नियम तर नितळच: पाण्याची खोली आणि लाटेची उंची यांची बेरीज करा, तिला गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने गुणा, वर्गमूळ घ्या. दीड मीटर पाण्यात कमी उंचीची लाट घेतली तर उत्तर येते सेकंदाला सुमारे 3.8 मीटर, म्हणजे ताशी साडेआठ मैलांच्या आसपास. घोड्यावरून त्याने केलेला अंदाज याच्याशी जुळतो. उंच लाट जास्त वेगाने जाते, हेही याच नियमात आहे.

1844 मध्ये रसेलने आपला अहवाल ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडला. इंग्लंडचे त्या काळचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना तो पटला नाही. गणितज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनीही शंका घेतली. ही दोघे ऐरीगैरी माणसे नव्हती. एअरींच्या गणितानुसार उथळ पाण्यातली लाट आकार टिकवूच शकत नाही, तिचा पुढचा भाग उभा होत जाणारच. हे हरमलचे गणित, आणि हरमलला ते खरेच आहे. दुसरीकडे बारीक लाटांचे गणित सांगत होते, की पाण्याचा ढीग पसरून विरणारच. हे केरीच्या धक्क्याचे गणित, तेही खरे. एका गणिताने अपस्करण सोडून दिले होते, दुसऱ्याने लाटेची उंची. दोन्ही एकत्र धरली तर काय होते, हे कुणी करून पाहिले नव्हते. रसेलपाशी मात्र टाकी होती आणि टाकीत लाट होती.

कोडे सोडवले ते फ्रान्सच्या जोझेफ बूसिनेस्क यांनी 1871 मध्ये, आणि पाठोपाठ 1876 मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅली यांनी. रसेल तेव्हा हयात होता. उत्तर असे: लाटेची उंची तिला पुढे कलंडवू पाहते आणि अपस्करण तिला पसरवू पाहते. ठरावीक खोलीच्या पाण्यात, ठरावीक उंची आणि ठरावीक रुंदी असेल, तर या दोन ओढी तंतोतंत बरोबरीत सुटतात. माथा जितका पुढे झेपावतो तितकाच पसरण्याने मागे खेचला जातो. लाट कलंडतही नाही, पसरतही नाही. रुंदी मनाला येईल ती चालत नाही. उंची ठरली की रुंदी ठरते, उंच लाट अरुंद आणि ठेंगणी लाट रुंद. पन्हळीत फळी उचलताना आपण ही मापे जुळवत नाही. पाणी स्वतःच जुळवून घेते आणि उरलेले मागे लहरींच्या रूपाने टाकून देते. या विषयातली ही गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. तोल एवढा नाजूक असेल तर तो निसर्गात सापडायलाच नको होता, असे वाटते. प्रत्यक्षात लाट त्या तोलाकडे आपणहून येते.

1895 मध्ये डच गणितज्ञ डिडेरिक कॉर्टेवेग आणि त्यांचे विद्यार्थी गुस्ताव्ह द व्हरीस यांनी हे सारे एका समीकरणात बसवले. त्यात एक पद कलंडण्याचे, एक पसरण्याचे. द व्हरीस पुढे शाळेत शिकवत राहिले आणि समीकरण जवळजवळ सत्तर वर्षे पडून राहिले.

रसेलचे नाव तोवर जहाजांसाठी ठाऊक होते. इंजिनिअर ब्रुनेलने आखलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे 211 मीटर लांबीचे लोखंडी जहाज रसेलच्या गोदीत बांधले गेले आणि 1858 मध्ये पाण्यात उतरले. प्रवासी जहाज म्हणून ते चालले नाही, पण समुद्रतळाशी तारेची केबल अंथरायला त्याच्याएवढे पोट दुसऱ्या कुणाचे नव्हते. 1866 मध्ये त्याने अटलांटिकची केबल टाकली. 1870 मध्ये ते मुंबईला आले आणि मुंबईपासून एडनकडे केबल अंथरत गेले. आपल्या किनाऱ्याचा विलायतेशी समुद्रातून तारेचा संबंध जुळला तो या जहाजामुळे. 1882 मध्ये रसेल वारला. लाटेशी पडलेली गाठ तो आयुष्यभर जपत आला होता.

पुढची गोष्ट पाण्याची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लॉस अलामॉसला एक नवा संगणक होता. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टानिस्लाव उलाम यांनी त्याला एक साधे वाटणारे काम दिले. ते संगणकाच्या भाषेत बसवले मेरी त्सिंगू यांनी. स्प्रिंगांनी जोडलेल्या काही डझन मण्यांची एक माळ कल्पायची. स्प्रिंगा किंचित वाकड्या स्वभावाच्या, म्हणजे दुप्पट ताणल्या तर नेमका दुप्पट जोर न लावणाऱ्या. माळेला एकच लांब हेलकावा द्यायचा आणि पाहत राहायचे. अपेक्षा अशी, की हेलकाव्याची ऊर्जा हळूहळू सगळ्या लहानमोठ्या कंपनांत वाटली जाईल, जशी गरम पेजेची ऊब भांड्यात सगळीकडे पोचते. ऊर्जा काही कंपनांत गेली खरी. मग ती फिरली, आणि जवळजवळ सगळी मूळच्या हेलकाव्यात परत आली. 1955 मध्ये अहवाल निघाला तेव्हा फर्मी हे जग सोडून गेले होते. ऊर्जा परत का आली, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

1965 मध्ये नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी त्या माळेचे गणित उलगडून पाहिले. लांब हेलकाव्यांसाठी ते कॉर्टेवेग आणि द व्हरीस यांच्या समीकरणावर येऊन थांबत होते. कालव्यातली लाट मण्यांच्या माळेत सापडली! त्यांनी संगणकावर एक साधा हेलकावा सोडला. तो कलंडू लागला, आणि फुटण्याऐवजी त्यातून आठ एकट्या लाटा सुटल्या, उंचीच्या क्रमाने. उंच लाट ठेंगणीला गाठते, दोघी मिसळतात, आणि दोघी आपापल्या आकारात बाहेर पडतात, जागेत थोडा फरक पडतो एवढेच. टक्कर होऊनही जी आपली ओळख सोडत नाही, तिचे वागणे लाटेपेक्षा कणासारखे. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन या कणांच्या नावांच्या धर्तीवर त्यांनी तिला नाव दिले ‘सॉलिटॉन’. दोन वर्षांत हे समीकरण पूर्णपणे सोडवण्याची रीतही निघाली आणि सॉलिटॉन जागोजाग दिसू लागले. आपल्या देशातल्या, तिरुचिरापल्लीच्या एम. लक्ष्मणन यांनी 1977 मध्ये चुंबकीय पदार्थांतल्या अणूंच्या रांगेचे गणितही सॉलिटॉनच्या एका प्रसिद्ध समीकरणाशी जुळते, हे दाखवले.

काचेच्या तंतूतही हेच. प्रकाशाचा आखूड ठोका तंतूतून जाताना अपस्करणाने पसरतो. पण प्रकाश पुरेसा तीव्र असेल तर तो काचेचा गुणधर्म किंचित बदलतो आणि त्यातून पसरण्याच्या उलट ओढ निर्माण होते. 1973 मध्ये अकिरा हासेगावा आणि फ्रेडरिक टॅपर्ट यांनी ही कल्पना मांडली, 1980 मध्ये प्रयोगात ती खरी ठरली. रसेलच्या जहाजाने तारा अंथरल्या आणि रसेलची लाट शंभर वर्षांनी काचेच्या तारेत धावली.

त्सुनामी हीसुद्धा एकटी लाट का, असे पुष्कळजण विचारतात. खोल समुद्रात तरी नाही. चार किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी सातशे किलोमीटरने जाते, पण तिची लांबीच शेकडो किलोमीटरची असते. एवढ्या लांबीवर अपस्करणाला तोल साधायला वेळच मिळत नाही; महासागर आधी संपतो.

खऱ्या महाकाय एकट्या लाटा समुद्राच्या पोटात असतात. पावसाळ्यात तेरेखोल किंवा शापोरा नदीच्या मुखाशी वर गोडे पाणी आणि खाली खारे पाणी असे थर असतात, तसे समुद्रात वर उबदार आणि खाली थंड, जड पाणी असते. या दोन थरांच्या सीमेवरही लाटा उठतात. अंदमानच्या समुद्रात मलाक्काच्या वाटेवर खवळलेल्या पाण्याचे लांबलचक पट्टे रात्री आवाज करत जहाजाखालून जातात, हे खलाशांना पूर्वीपासून माहीत होते. 1980 मध्ये ऑस्बोर्न आणि बर्च यांनी मोजून दाखवले, की ते पट्टे म्हणजे पाण्याखालून जाणाऱ्या एकट्या लाटांच्या पाऊलखुणा आहेत. वर माणसाच्या उंचीची खळबळ, आणि खाली थरांची सीमा साठेक मीटर हलवणारी लाट. तेलाच्या विहिरी खणणाऱ्यांना हे समजणे भाग होते, कारण अशी लाट पाण्यातल्या नळ्यांवर जबरदस्त जोर टाकते. आपल्याकडे दोनापावलाला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रबूड जमिनीवर भरतीच्या तालाने उठणाऱ्या अशा अंतर्गत लाटा तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजल्या आहेत.

गोव्यात एवढे पाणी, एवढ्या होड्या, मग नदीत ही लाट कुणाला कशी दिसली नाही? डिचोलीच्या खाणींतले खनिज बार्जमधून मांडवीने वर्षानुवर्षे गेले. त्या बार्जपुढे पाणी फुगते, बाजूने खचते, काठ हलतो, पण एकटी लाट सुटत नाही. रसेलचा नियम लावला तर कारण मिळते. पाच मीटर पाण्यात या लाटेचा वेग ताशी पंचवीस किलोमीटर. नाळेपुढे ती जमायची तर होडीने त्याच्या जवळपास पळायला हवे, आणि पात्र अरुंद हवे. शेकडो टन माती भरलेल्या बार्जला तो वेग कुठून येणार? तिळारीचे पाणी डिचोली-पेडण्याला आणणारे कालवे युनियन कालव्यासारखे नेमक्या मापाचे आहेत, पण त्यांत होडी नाही. 1995 च्या जुलैमध्ये शास्त्रज्ञांनी रसेलच्याच कालव्यावर, आज त्याचे नाव असलेल्या जलसेतूवर, होडी पळवून एकाएकी थांबवली आणि लाट पुन्हा उठवली.

पेडण्यात मात्र ती पाहायला होडी लागत नाही. एप्रिलच्या शेवटी, वारा पडलेला असताना, ओहोटीला मांद्रे किंवा आश्वेच्या किनाऱ्यावर जावे. त्या दिवसांत आपल्याकडे येणारे लांब हेलकावे हजारो किलोमीटर दक्षिणेकडच्या वादळांत उठलेले असतात. वाटेत अपस्करणाने त्यांची निवड होते, केरीच्या धक्क्यावर होते तशीच: लांब लाटा आधी पोचतात. दर सोळा सेकंदांनी येणाऱ्या अशा लाटेची लांबी खोल समुद्रात चारशे मीटर. किनाऱ्याजवळ दोन मीटर पाण्यात तेच अंतर सत्तर मीटर उरते, आणि त्या सत्तर मीटरांत पाणी बहुतेक सपाट असते; उंचवटा फक्त पंधरा-एक मीटरचा. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी 1949 मध्ये किनाऱ्यावरच्या लाटांना एकट्या लाटेचे गणित लावले ते याच कारणाने. उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या थोडी वर गेली, की तोल सुटतो आणि लाट फुटते. त्याआधीचे काही क्षण मात्र ती रसेलचीच असते: गोल, गुळगुळीत, पुढे सपाट पाणी, मागे सपाट पाणी.

छातीभर पाण्यात उतरलेली मुले नेमकी त्या जागेवर उभी असतात, फेसाच्या पलीकडे. उंचवटा येतो, एकेकाला उचलतो, दोन-तीन पावले किनाऱ्याकडे नेऊन ठेवतो आणि पुढे जातो. मुले मागे चालत येऊन पुन्हा आपापल्या जागी उभी राहतात.